वाट कुणी दाखवली?

आषाढ लागला की आमच्या बांधावरनं पोरं जाताना दिसतात. पाठीला पिशव्या, अंगात रंगीबेरंगी रेनकोट, पायांत बूट. पहिल्याच ओढ्यात बुटात पाणी शिरतं आणि मग त्यांच्या चालण्याचा पचक-पचक आवाज लांबनं ऐकू येतो. कोल्हापूर, सांगली, पुणं, कुठनं कुठनं येतात. बरीचशी दहावी-अकरावीची, मिसरूड फुटायच्या वयाची. पोरीही असतात, आणि बऱ्याच वेळा त्याच पुढं असतात. पन्हाळ्यापर्यंत गाडी, तिथनं पुढं पायी. मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी करत पांढरेपाण्यावरनं पावनखिंड. पन्नासेक किलोमीटरची वाट, मधे एक मुक्काम. आम्ही त्या दिवसांत तरवा उपटून रोप लावत असतो. पोरं बांधावर थांबून ‘जय शिवाजी’ म्हणतात, आम्ही चिखलातनं ‘जय भवानी’ म्हणतो, आणि पुन्हा वाकतो.

इतिहास या पोरांना तोंडपाठ असतो. अफजलखान मेल्यावर १८ दिवसांतच, २८ नोव्हेंबर १६५९ ला, महाराजांनी पन्हाळा घेतला. मार्च १६६० मध्ये सिद्दी जौहरनं गडाला वेढा घातला. राजापूरच्या वखारीचा इंग्रज, हेन्री रेव्हिंग्टन, तोफा घेऊन त्याच्या मदतीला आला. चार महिने गेले, पावसाळा लागला, तरी वेढा ढिला होईना. मग १२ जुलैच्या रात्री, आषाढी पौर्णिमेला, महाराज सहाशेक माणसं घेऊन गडाखाली उतरले. पालख्या दोन होत्या. दुसऱ्या पालखीत नेबापूरचा शिवा काशीद, जातीनं न्हावी. तो शत्रूच्या हाती लागला आणि मारला गेला. पाठलाग करणाऱ्या सिद्दी मसूदला गजापूरच्या घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांच्या तीनशेक लोकांनी अडवून धरलं. तिकडं विशाळगडाच्या पायथ्यालाही सुर्वे आणि दळवी मोर्चे लावून बसलेले. ते फोडून महाराज गडावर पोचले, तोफा झाल्या. बाजी पडले. घोडखिंडीची पावनखिंड झाली.

एवढं सगळं पोरं घडाघडा सांगतात. सिनेमाही पाहिलेला असतो.

चार वर्षांमागं एक टोळी पावसानं अडकून आमच्या सोप्यात मुक्कामाला राहिली. चुलीपुढं मोजे वाळत घातलेले, भाकरी-पिठलं चाललेलं. त्यात अकरावीतली एक पोरगी होती. तिनं विचारलं, “आजोबा, बांदल तर भोरकडचे ना? मग रात्रीची, पावसातली ही वाट त्यांना कशी ठावी?”

त्यांच्या म्होरक्यानं लगेच सांगितलं, “महाराजांचे हेर होते.”

होते, खरं आहे. पण हेराला तरी कुणी सांगितलं?

मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. कागदपत्रं वाचणं माझं काम न्हाई. पण रान मला कळतं. बांदल हिरडस मावळातले, नीरेच्या खोऱ्यातले. त्यांचा मुलूख इथनं किती लांब! पन्हाळा ताब्यात येऊन महाराजांना जेमतेम तीन महिने झालेले, त्यातही ते मिरजेच्या स्वारीत गुंतलेले, आणि परत आले तेवढ्यात वेढा पडला. एवढ्या काळात डोंगराची तोंडओळखसुद्धा होत न्हाई. चांदणी रात्र म्हणायची, पण आषाढातलं चांदणं ढगाच्या वर असतं, खाली मिट्ट काळोख. मसाईवर धुकं आलं की दिवसाढवळ्या आमचीच म्हसरं चुकतात. ओढा कुठं उतरता येतो, कुठं पाऊस झाला की दोन तासांत माणूसभर पाणी चढतं, कुठल्या टेकावरनं खाली गेलं की नुसती दलदल, हे तिथं गुरं राखणाऱ्यालाच ठावं. म्हणजे कुणीतरी इथलाच पुढं होता. धनगर असंल, गुराखी असंल, एखादा कोळी किंवा रामोशी असंल. हा माझा तर्क, पण त्या काळोखात दुसरं काय घडलं असंल ते मला सुचत न्हाई.

आणि पालखीचे भोई. पालखी कशी न्यायची हे मला थोडं अंगानं ठावं आहे. मी सोळा वर्षांचा असताना, अशाच आषाढात, चुलतीला बाळंतपणात अडलं. गाडीरस्ता तीन कोसांवर. मेसाच्या काठीला वाकळ बांधून डोली केली, आणि आम्ही आठ जण निघालो. चौघं खांद्याला, चौघं मोकळी. शंभर-दीडशे पावलांत खांदा बदलायचा, पण डोली भुईला टेकवायची न्हाई. पुढच्यानं हाळी द्यायची, “दगड हाय,” “निसरडं हाय,” “वाका,” आणि मागच्याला काही दिसत नसतं, त्यानं फक्त त्या हाळीवर पाय टाकायचा. उतारावर सगळा भार पुढच्यावर येतो, चढावर मागच्यावर. तीन कोसांना आम्हाला निम्मी रात्र लागली. खांद्याची सालं निघाली होती. चुलती वाचली, पोरगं न्हाई वाचलं.

त्या रात्री भोयांना तर हाळीही देता आली नसंल. वेढ्याच्या जवळनं जायचं, आवाज कसा करणार? नुसत्या हाताच्या चापटीवर किंवा काठीच्या धक्क्यावर चालली असतील माणसं. हे मी सोप्यात सांगितलं तेव्हा पोरं गप्प झाली. एकानं वाकळीची डोली करून सगळ्यांत जाड पोराला उचलायचा प्रयत्न केला. सोप्यातल्या सोप्यात दोन फेऱ्या झाल्या आणि आपटला.

आता ही वाट आमच्याही पायांतनं सुटत चालली आहे. पूर्वी शाळा, बाजार, सोयरीक, दळण, सगळं या वाटेनं व्हायचं. आता डांबर आलं, ते बरंच झालं. आमच्या चुलतीसारखी बाई आता रात्र डोलीत काढत न्हाई. पण वाडीतली पोरं शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत नाहीतर मुंबईला, आणि जुन्या वाटांवर घाणेरी माजली आहे. आषाढात येणाऱ्या टोळ्यांसाठी दगडांवर रंगानं बाण काढलेत. धुक्यात बाण दिसत न्हाईत आणि फोनला रेंज नसते. मग ती पोरं कुठल्यातरी घरासमोर उभी राहून हाक मारतात, आणि घरात सत्तरीची म्हातारी एकटी असते. पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे कागद बांधावर टाकून जातात, हेही सांगायला पाहिजे. ओढ्यानं ते आमच्या भातात येतात.

ही वाट जिथं संपते त्या गजापूरच्या रानातनंच कासारी निघते. तीच पुढं पंचगंगेला मिळते. म्हणजे खिंडीतलं पाणी कोल्हापूरच्या घाटाला लागतं. त्या पोरांतल्या बऱ्याच जणांना हे ठावं नव्हतं.

सकाळी पाऊस उघडला न्हाई, पण टोळी निघाली. पुतण्याचा पोरगा नववीत होता, त्याला दोन वाड्यांपुरता वाट दाखवायला धाडला. मीही पहिल्या ओढ्यापर्यंत गेलो. त्या पोरीनं वही प्लास्टिकच्या पिशवीत घातली होती आणि हात पिशवीच्या आत घालून लिहीत होती. म्हणाली, “पुढच्या ओढ्यांची नावं सांगा.” पोरानं तीन सांगितली आणि माझ्याकडं बघितलं. चौथ्याचं आणि पाचव्याचं मी सांगितलं. तिनं लिहून घेतली. त्यानंही मनाशी दोनदा म्हटली आणि ओढ्यात उतरला.