पीक सिम्युलेशन म्हणजे काय? कॉम्प्युटरवर भात कसं 'पिकतं'?

बोईसरजवळ नवापूरला आमची थोडी भातशेती आहे. कापणीला आलेलं भात परतीच्या पावसात सापडलं की वर्षाची मेहनत वाया जाते. म्हणून काकांनी मला विचारलं, "लावणी आठ दिवस आधी केली तर? तुझा कॉम्प्युटर सांगेल का?" मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, पण उत्तर शोधावंच लागलं. त्यातून भेटलं पीक सिम्युलेशन.

हे चालतं कसं?

सॉफ्टवेअर एकेक दिवस पुढे जातं. त्या दिवसाचं तापमान, ऊन आणि पाऊस घेऊन पिकाची वाढ व मातीतला ओलावा मोजतं. समजा कमाल तापमान 32 आणि किमान 24 अंश आहे. सरासरी 28. भातासाठी त्यातून साधारण 10 वजा करतात, उरले 18. अशी रोजची बेरीज ठरावीक आकड्याला पोचली की भात निसवतं. हळव्या भाताचा आकडा लहान, गरव्याचा मोठा.

कोणतं सॉफ्टवेअर वापरायचं?

- डीएसएसएटी: 40 हून जास्त पिकं, मोफत. विंडोज कॉम्प्युटर लागतो.
- ॲक्वाक्रॉप: 'एफएओ'ने 2009 मध्ये आणलं. भर पाण्यावर. याची पायथन आवृत्ती गूगल कोलॅबवर, म्हणजे मोबाईलच्या ब्राउझरमध्येही चालवता येते.
- इन्फोक्रॉप: दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं.

मी कुठे चुकलो?

हवामानाचे आकडे मी 'नासा पॉवर' साइटवरून घेतले. 1981 पासूनचे, मोफत. पण तिथला एक चौकोन साधारण 50 किलोमीटरचा असतो; त्याचा पाऊस म्हणजे आमच्या शेतातला पाऊस नव्हे. काकांनी आकडे पाहूनच मान हलवली. माती तर मी सॉफ्टवेअरमधली तयारच ठेवली होती. मृदा आरोग्य पत्रिकेत 12 गोष्टी मिळतात, पण माती किती खोल आहे आणि किती पाणी धरते, ते त्यात नसतं. ते शेतात खणूनच बघावं लागतं.

मग उपयोग काय?

हे भविष्य सांगत नाही, 'असं केलं तर?' याचं उत्तर देतं. लावणीच्या दोन्ही तारखा मागच्या 30 वर्षांच्या हवामानावर चालवा आणि किती वर्षी कापणी पावसात सापडते ते मोजा. फक्त लक्षात ठेवा, कीड किंवा वाऱ्याने आडवं पडलेलं पीक हे बहुतेक मॉडेल आपणहून धरत नाहीत.

काकांना मी अजून तारीख सांगितलेली नाही. आधी अंगणात पर्जन्यमापक लावलाय. रोज सकाळी आकडा तेच लिहून ठेवतात.