नागपूर प्रांतांतील मालगुजारी व गांवकी

‘मालगुजार’ या फारसी शब्दाचा अर्थ सारा भरणारा एवढाच. मालक असा नाहीं. नागपूरकडील जमिनीच्या तंट्यांचें मूळ शोधूं लागलें असतां या एका शब्दापाशींच प्रथम थांबावें लागतें.

भोसल्यांच्या अमदानींत गांवचा पाटील सरकारशीं साऱ्याचा करार करी, कुळांकडून वसूल घेई व घरची शेती पाही. देशावरील वतनदार पाटील आपलें वतन विकूं शके. नागपूरच्या पाटलास गांव विकण्याचा वा गहाण टाकण्याचा अधिकार नव्हता. तिसरे रघूजी १८५३ सालीं निपुत्रिक वारले, १८५४ सालीं डलहौसीनें राज्य खालसा केलें, आणि १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला. त्यानंतरच्या तीस साला जमाबंदींत त्या वेळीं जो गांव धरून होता त्यासच मालकीची सनद मिळाली. मग तो जुना पाटील असो, सावकार असो वा दरबारी मनुष्य असो. कांहीं जुन्या रयतांस ‘मालिक मकबुजा’ म्हणून आपापल्या शेतापुरती मालकी राहिली, पण पडीत, झुडपी रान, तळें व गांवठाण हीं सारीं एकाच्या नांवावर चढलीं.

सरपण, चराई, पाणी यांची वहिवाट ‘वाजिब-उल-अर्जां’त नोंदली गेली हें खरें, तथापि जें काल गांवकीचें होतें तें आज मालकाच्या संमतीचें झालें. शिवाय मालकी विकाऊ झाली. सोळा आण्यांच्या गांवाचे चार आणे, दोन आणे असे हिस्से पडत, हिस्सेदारांपैकीं एक लंबरदार होई व बाकीचे त्याजकडे हिशेब मागत बसत. एकानें हिस्सा सावकारास दिला कीं, पेरणीशीं ज्याचा संबंध नाहीं असा परका मनुष्य गांवच्या वाट्यांत येई. मालगुजाराच्या लोभावर सारा दोष ढकलणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. सनदच तशी होती. १८८३ व १८९८ च्या कूळकायद्यांनीं कुळांस आधार दिला, १९३३ च्या कर्जतडजोड कायद्यानें ऋणकोंस. गांवाच्या सामाईक हक्काचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

अखेर नागपुरांत बसणाऱ्या मध्यप्रदेश विधिमंडळानें मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा केला व ३१ मार्च १९५१ रोजीं मालगुजाऱ्या सरकारांत विलीन झाल्या. अहेरीच्या जमीनदारांनीं त्याविरुद्ध केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयानें १९५२ सालीं फेटाळला. घरची शेती मालगुजारांकडे राहिली. गवताळ जमिनी, झाडें, तळीं, वाटा, बाजार हीं सरकारचीं झालीं. म्हणजे गांवकीचें होतें तें गांवास परत न मिळतां दुसऱ्या मालकाकडे गेलें.

भंडारा-चांद्याकडील पुष्कळ तलाव कोहळी लोकांच्या हातचे. सरकारी दप्तरांत ते आज ‘माजी मालगुजारी तलाव’ आहेत, आणि शेतकरी त्यांस थोडक्यांत ‘मामा तलाव’ म्हणतात.