कादंबरी किती पानांची?

'कादंबरी कुठवर आली?' असं बरेच जण विचारता, म्हणून आज सांगतो.

बाबूराव शेडमाके यांच्यावर लिहायला बसलो, तेव्हा १९८२ पर्यंत जायचं होतं. म्हणजे चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तिथवर. सव्वाशे वर्षं! चारशे पानं झाली, आणि बाबूराव शंभराव्या पानावरच फासावर गेलेले.

मग हरिभाऊ आपटे आठवले. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातूनच हप्त्याहप्त्यानं छापली. संपादक तेच, म्हणजे आवरा म्हणणारं कोणी नाही. तरी कादंबरी पसरली नाही, कारण ती यमूच्या आयुष्याला धरून राहिली.

माझ्याकडे काय आहे? मार्च १८५८ मध्ये राजगडावरचा हल्ला, २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात फाशी. मधे एक उन्हाळा, एक पावसाळा. आपलं झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं, पण पहाटे पडदा पडतोच ना? माझी पहाट २१ ऑक्टोबरची.

पुढची तीनशे पानं काढून ठेवली. जीव तुटला. पण बाबूराव आता शेवटच्या पानापर्यंत आहेत.