सफरचंदाच्या केकची कुळकथा

इंग्रजी कादंबऱ्यांशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे त्यांना सायंकाळच्या चहाच्या मेजावरील सफरचंदाचा केक अगदींच अनोळखी नसावा. खेड्यांतील दगडी घर, परसांतील वांकडें झाड, पिठानें हात माखलेली गृहिणी व स्वयंपाकघरांतून येणारा दालचिनीचा वास, हें चित्र वाचकाच्या मनांत इतकें पक्कें बसलेलें असतें कीं, हा पदार्थ चॉसरच्या काळापासून तसाच चालत आला असावा असें त्यास वाटतें. इंग्रज लोकांचीही समजूत बहुधा तशीच आहे. डॉर्सेट, सॉमर्सेट व डेव्हन या पश्चिमेकडील परगण्यांत तर प्रत्येक जण आपलाच केक अस्सल म्हणून वाद घालतो. कणकेंत सफरचंद घालून भाजण्याची कल्पना जुनी आहे, यांत शंका नाहीं. परंतु पीठ, लोणी, साखर, एकदोन अंडीं, चिमूटभर फुगविण्याची पूड आणि आंबट फोडी एकत्र कालवून तासाभरांत घरच्या घरीं भाजून काढलेला जो हलका, मऊ केक, तो मात्र एकोणिसाव्या शतकाचें अपत्य आहे. त्या शतकानें आगगाडी दिली तसाच हाही दिला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

प्रथम फळाचा विचार करूं. सफरचंदाचें मूळ घर इंग्लंड नव्हे. मध्य आशियांतील तिएनशान पर्वताच्या उतारांवर त्याच्या रानटी पूर्वजांचीं अरण्यें आजही आहेत. वाव्हिलोव्ह या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानें १९२९ सालीं तीं पाहून हेंच जन्मस्थान असलें पाहिजे असा तर्क केला व पुढें आनुवंशिक परीक्षणानें तो खरा ठरला. या झाडाचा स्वभाव मोठा चमत्कारिक आहे. बीं पेरलें तर आईसारखें मूल होईल याचा कांहींच भरंवसा नाहीं; शंभर बियांतून शंभर निरनिराळीं झाडें, आणि त्यांतील बहुतेकांचीं फळें खाण्याच्या लायकीचीं नसतात. चांगलें झाड लाभलें तर त्याचें कलम करूनच तें टिकवावें लागतें. आमच्याकडील हापूसचीही तीच गोष्ट आहे.

इंग्लंडांत शिजविण्याचें सफरचंद म्हणून जें सर्वमान्य झालें तें ‘ब्रॅम्ली’ हें असेंच दैवयोगानें लाभलेलें आहे. नॉटिंगहॅमशायरमधील साऊथवेल या गांवीं १८०९ सालीं मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नांवाच्या मुलीनें कुंडींत कांहीं बिया लाविल्या. त्यांतील एक रोप परसांत वाढलें. पुढें ती लग्न होऊन गेली. १८४६ सालीं तें घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकानें विकत घेतलें. दहा वर्षांनीं हेन्री मेरीवेदर या सतरा वर्षांच्या रोपवाटिकेवाल्यानें कलमाकरितां डहाळ्या मागितल्या, तेव्हां ब्रॅम्लीनें एकच अट घातली: फळास आपलें नांव द्यावें. अशा रीतीनें ज्यानें बीं पेरलें नाहीं व कलमही केलें नाहीं त्याचें नांव अजरामर झालें, आणि जिच्या हातून झाड उगवलें ती त्यापूर्वींच निवर्तली होती. इतिहासांत हें नेहमींचेंच आहे. परंतु विद्यार्थ्यांना राजवंशांच्या सनावळ्या शिकवितांना हें लहानसें उदाहरण मला अनेकदां अधिक उपयोगी पडलें आहे. तें मूळ झाड १९०० च्या वादळांत उन्मळून पडलें, पण आडव्या पडलेल्या खोडांतून पुनः वाढलें. अलीकडे बुरशीच्या रोगानें त्यास ग्रासलें, म्हणून नॉटिंगहॅम विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं त्याच्या ऊतींपासून नवीं रोपें करून ठेविलीं. ब्रॅम्लींत आम्लता अधिक व गोडी कमी. भाजल्यावर त्याच्या फोडी विरघळून फेंसासारख्या होतात. हा गुण केकला मानवतो, पण साखरेची गरज वाढवितो.

केक फुगवावा कसा, हा दुसरा प्रश्न. हॅना ग्लास हिच्या १७४७ च्या प्रसिद्ध पाकपुस्तकांत केकचें मिश्रण तासभर हातानें फेंटावयास सांगितलें आहे. ज्या घरीं मोलकरणी होत्या तेथेंच हें शक्य होतें हें उघड आहे. दुसरा मार्ग खमिराचा, पण तो वेळखाऊ व बेभरंवशाचा. १८४३ सालीं बर्मिंगहॅम येथील औषधविक्रेता आल्फ्रेड बर्ड यानें सोडा व आम्ल यांची कोरडी पूड तयार केली. त्याच्या पत्नीस खमीर व अंडीं सोसत नसत. तिच्याकरितां ही खटपट होती. ओलावा लागतांच दोहोंचा संयोग होऊन वायु सुटतो व पीठ वर येतें. तासाभराचें काम चमचाभर पुडीनें केलें! मोठमोठ्या यंत्रांचीं वर्णनें आपण वाचतों, परंतु घरांतील बाईचा हात मोकळा करणाऱ्या या पुडीचें नांव औद्योगिक क्रांतीवरील पुस्तकांत क्वचितच आढळतें.

भट्टीविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. गरिबाच्या झोंपडींत ती नसे. पश्चिमेकडील खेड्यांत तव्यावर पालथें भांडें घालून त्याभोंवतीं निखारे रचीत, म्हणजे आपल्याकडे नानकटाई भाजावयास वर-खालीं विस्तव ठेवीत तोच प्रकार. पुढें मध्यम वर्गाकडे बंद लोखंडी चूल आली, आणि १८९० नंतर पेनी टाकून चालणारा गॅसचा मीटर मजुरांच्या घरांपर्यंत पोहोंचला.

या केकची खरी कसोटी दुसऱ्या महायुद्धांत लागली. जानेवारी १९४० मध्यें साखर व लोणी रेशनांत गेलें. साखर बहुधा माणशीं आठवड्यास ८ औंस, म्हणजे सुमारें २२५ ग्रॅम मिळे. केकवर साखरेचा थर देण्यास त्याच वर्षीं बंदी झाली. ताजीं फळें मात्र रेशनांत नव्हतीं. म्हणून परसांत झाड असलेल्या घरीं सफरचंदाच्या ओलाव्यावर व थोड्याशा गोडीवरच केक निभावून नेत. साखरेवरील नियंत्रण उठावयास सप्टेंबर १९५३ उजाडला.

साखरेचा विषय मुद्दाम मागें ठेविला होता. शर्करा हा शब्द व ती करण्याची विद्या, दोन्ही हिंदुस्थानांतून पश्चिमेस गेलीं. परंतु इंग्रजाच्या मेजावर ती आली वेस्ट इंडीजमधून, आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमानें. १७९१ च्या सुमारास कित्येक इंग्रज कुटुंबांनीं ही साखर वर्ज्य केली. क्लार्कसनच्या अंदाजानें अशा माणसांची संख्या तीन लाखांवर गेली होती. या चळवळींत घर चालविणाऱ्या स्त्रिया पुढें होत्या. गुलामांच्या श्रमानें न झालेली, ईस्ट इंडियाची साखर, अशा अर्थाचीं अक्षरें लिहिलेलीं साखरदाणींही निघालीं. १८३३ च्या कायद्यानें गुलामगिरी रद्द झाली. मालकांस दोन कोटि पौंड नुकसानभरपाई मिळाली. गुलामांस कांहींच नाहीं.

मग ऊंस तोडणार कोण? २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘ॲटलस’ जहाज हिंदी मजुरांस घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरांत लागलें. करार पांच वर्षांचा, पुरुषास वेतन महिना पांच रुपये. १९२० पर्यंत जवळजवळ पांच लक्ष माणसें या मार्गानें तेथें गेलीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश साम्राज्यांत साखर पिकविणाऱ्या वसाहतींत मॉरिशस अग्रेसर होतें. १८७४ सालीं डिझरायलीच्या मंत्रिमंडळानें साखरेवरील जकात साफ काढून टाकली आणि आंबट ब्रॅम्ली मजुराच्या घरींही गोड होऊं लागलें. शतकाच्या अखेरीस युरोपांतील बीटची साखर इंग्लंडच्या बाजारांत वरचढ झाली हें खरें. तथापि त्या केकची गोडी ज्या पिढ्यांनीं प्रथम चाखली त्यांच्या साखरेंत या करारबद्ध माणसांचा घाम होता. मुंबई बंदरांतून गेलेले कोंकणांतील व घाटावरील मराठी शेतकरीही त्यांत होते. मजूर जेथें उतरत ती पोर्ट लुई येथील आप्रवासी घाटाची जागा २००६ सालीं जागतिक वारसास्थळ म्हणून मान्य झाली. तेथील सोळा दगडी पायऱ्या अद्याप शाबूत आहेत. त्या पायऱ्या चढून गेलेल्यांचे मराठी वंशज त्या बेटावर नांदत आहेत, आणि गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुटी असते.