ॲनालॉग व डिजिटल ध्वनिपातळी मापक

ध्वनिपातळी मापक हे हवेतील ध्वनिदाबाची पातळी डेसिबल या एककात मोजणारे उपकरण आहे. तबकडीवरील काट्याने वाचन दाखवणाऱ्या मापकास ॲनालॉग, तर अंकांत दाखवणाऱ्या मापकास डिजिटल म्हणतात. स्पीकरची जुळणी, पंखा किंवा पाण्याच्या पंपाच्या आवाजाची तपासणी, खोलीचे ध्वनिरोधन अशा घरगुती कामांसाठी दोन्ही प्रकार वापरले जातात.

कार्यपद्धती

दोन्ही प्रकारांत मायक्रोफोन ध्वनिदाबातील बदलांचे विद्युत संकेतात रूपांतर करतो. शून्य डेसिबल ही पातळी २० मायक्रोपास्कल दाबाशी जुळते. ए-भारण मानवी कानाच्या संवेदनक्षमतेनुसार खालच्या वारंवारता कमी मोजते; १०० हर्ट्झला ही घट सुमारे १९ डेसिबल असते. सी-भारणात ती अत्यल्प असते. 'जलद' प्रतिसादाचा कालस्थिरांक १२५ मिलिसेकंद, तर 'मंद' प्रतिसादाचा १ सेकंद असतो.

ॲनालॉग मापक

काट्याच्या हालचालीवरून आवाजातील चढउतार व त्यांची दिशा एका दृष्टिक्षेपात कळते. त्यामुळे स्पीकरची पातळी हळूहळू जुळवताना हा प्रकार सोयीचा ठरतो. मात्र तबकडीवर एका वेळी थोडीच व्याप्ती मावत असल्याने योग्य पल्ला हाताने निवडावा लागतो. तिरक्या नजरेने पाहिल्यास वाचनात चूक होते. साध्या ॲनालॉग मापकात नोंदी साठवण्याची सोय नसते.

डिजिटल मापक

यात कमाल व किमान वाचन राखून ठेवता येते. काही मापकांत नोंदी साठवण्याची व समतुल्य सरासरी पातळी काढण्याची सोय असते. डेसिबल हे लघुगणकीय एकक असल्याने ही सरासरी अंदाजाने काढता येत नाही. निम्मा वेळ ५० व निम्मा वेळ ७० डेसिबल आवाज असल्यास समतुल्य पातळी ६० नव्हे, तर सुमारे ६७ डेसिबल येते.

अचूकता

दशांश स्थळापर्यंतचे अंक म्हणजे अचूकता नव्हे. आयईसी ६१६७२ या आंतरराष्ट्रीय मानकात मापकांचे वर्ग १ व वर्ग २ असे प्रकार असून ते काटा वा अंक यांवर अवलंबून नाहीत. वर्ग २ च्या मापकातही १ किलोहर्ट्झला सुमारे १ डेसिबलचा फरक ग्राह्य धरला जातो. अंशशोधनासाठी सामान्यतः १ किलोहर्ट्झ व ९४ डेसिबलचा प्रमाणित ध्वनी वापरतात.

निवड

एकाच खोलीतील स्पीकर परस्परांशी जुळवताना फरक महत्त्वाचा असतो, नेमका आकडा नव्हे. तेथे साधा ॲनालॉग मापक पुरेसा होतो. रात्रभराच्या गोंगाटाची नोंद हवी असल्यास समतुल्य पातळी काढणारा डिजिटल मापक आवश्यक ठरतो. भारतातील ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००  यांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल (ए) या मर्यादा सरासरी पातळीवरच आधारित आहेत. घरगुती मापकाचे वाचन यासंदर्भात केवळ प्राथमिक अंदाज देते.

मापनातील दक्षता

उपकरण बंद असतानाची पार्श्वभूमी पातळी आधी मोजतात. उपकरण चालू केल्यावर वाचन तिच्यापेक्षा किमान १० डेसिबलने वाढल्यास पार्श्वभूमीचा परिणाम नगण्य मानता येतो. वाढ ३ डेसिबलपेक्षा कमी असल्यास निष्कर्ष विश्वसनीय राहत नाही. पंख्याचा वारा मायक्रोफोनवर थेट आल्यास वाचन फसवे वाढते, म्हणून त्यावर स्पंजचे आवरण बसवतात.