लव्हाळा (गुरुग्राम परिसरातील)

लव्हाळा : (सं. मुस्ता, हिं. मोथा, लॅ. सायपेरस रोटंडस, कुल – सायपेरेसी). ओलसर जागी वाढणारी बहुवर्षायू ओषधी. दिसते गवतासारखी, पण ती गवत नव्हे. गवताची काडी सहसा गोल, पोकळ व पेरेदार असते. लव्हाळ्याचा दांडा तिधारी, भरीव आणि बिनपेराचा. चिमटीत धरून फिरवला की तीन कडा बोटांना लागतात. ओळखायला एवढे पुरते. टोकाला तांबूस तपकिरी कणिशकांचा झुबका येतो. शास्त्रीय नाव लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिले.

गुरुग्रामच्या पश्चिमेस साहिबी नदीच्या जुन्या पूरक्षेत्रात नजफगढ झील, बसई व सुलतानपूर या पाणथळ जागा आहेत. सुलतानपूर १९७१ मध्ये पक्षी अभयारण्य, १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०२१ मध्ये रामसर स्थळ झाले. या झिली पावसाळ्यात पसरतात, उन्हाळ्यात आक्रसतात. खोल पाण्यात पाणकणीस व जलपर्णी माजतात. लव्हाळ्याला फार काळ बुडून राहणे मानवत नाही. त्याची जागा काठच्या, कधी ओल्या तर कधी कोरड्या पट्ट्यात.

या पट्ट्यात तो टिकतो तो कंदांमुळे. जमिनीखाली बारीक धावत्या खोडांनी जोडलेल्या, काळपट, सुगंधी कंदांची साखळी असते. वरचा पाला वाळला तरी कंद थांबून राहतात आणि पहिल्या पावसाबरोबर फुटतात. बी फारसे रुजत नाही. खुरपणीत साखळी तुटली की सुटे झालेले निद्रिस्त कंदही अंकुरतात, म्हणून हे तण जगभर कुख्यात आहे. सोसायट्यांच्या हिरवळीवर माळी दर पावसाळ्यात मोथा उपटतात आणि नकळत त्याची लागवडच करतात. दाट सावली मात्र त्याला सोसत नाही. उपटण्यापेक्षा तिचा उपाय खरा.

आयुर्वेदात हाच कंद पाचक व ज्वरनाशक मानला आहे. अत्तर आणि उटण्यातही तो पडतो. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकाच्या दुसऱ्या अंकात डबक्यात मुस्ता उकरणारी रानडुकरे येतात. निरीक्षण अचूक आहे : कंद डुकरांना प्रिय असतात. सारस क्रौंचही दलदलीतील लव्हाळवर्गीय वनस्पतींचे कंद चोचीने उकरून खातो.

भराव टाकून, रस्ते काढून झिलींचे काठ बुजवले की आधी जातो तो हा उथळ पट्टा. लव्हाळा तिथून हटला तरी बागेत, शेतात निभावतो. सारसाची खाण्याची एक जागा मात्र जाते.