कुयाकुशोतली आपली नोंद: १४ दिवसांच्या मागे काय काय घडलं

मंडळी, एप्रिल आला की जपानमध्ये आपली नवीन कुटुंबं येतात आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "घर मिळालंय, पण कुयाकुशोत लगेच जायलाच हवं का? जरा सामान लागू दे, मग जाऊ." उत्तर सरळ आहे. घरात राहायला लागल्यापासून १४ दिवसांच्या आत जा, घरातल्या सगळ्यांची रेसिडेन्स कार्डं सोबत न्या. उशीर झाला तर दंड होऊ शकतो, आणि सबळ कारणाशिवाय ९० दिवस उलटले तर राहण्याची परवानगीच रद्द होऊ शकते.

हे झालं कामाचं. पण त्या खिडकीवर तुमच्या हातात जो कागद पडतो, जूमिनह्यो, त्याबद्दल आज थोडं जास्त सांगणार आहे. आई, बाबा, मुलं, घरात कुणाचं कुणाशी काय नातं, पत्ता, सगळं एका पानावर. बँक, शाळा, नोकरी, घरमालक, सगळीकडे हा कागद चालतो. आपल्याला तो अगदी साधा वाटतो. पण परदेशी माणसाचं नाव या नोंदवहीत यायला लागलं ९ जुलै २०१२ पासून. म्हणजे तुमच्यापैकी काहींची मोठी मुलं या वहीपेक्षा वयाने मोठी असतील!

त्याआधी दोन वह्या होत्या. जपानी नागरिकांची एक, परदेशी लोकांची दुसरी, आणि दोन्हींचे कायदेही वेगळे. मी सीए आहे, त्यामुळे दोन वह्या म्हटलं की माझे कान टवकारतात. एकाच घराचा हिशोब दोन वह्यांत मांडला की घर कुठेच पूर्ण दिसत नाही. इथेही तेच व्हायचं. नवरा परदेशी आणि बायको जपानी असेल, तर कुटुंबाच्या जूमिनह्योवर बायको आणि मुलं दिसायची, नवरा नाही. कागद बघणाऱ्याला वाटायचं, बाई एकटीच मुलं सांभाळते आहे.

यावरून एक गंमत झाली होती. २००२ मध्ये तामा नदीत एक सील दिसला, लोकांनी त्याचं नाव तामा-चान ठेवलं, आणि सगळा देश त्याच्या प्रेमात पडला. फेब्रुवारी २००३ मध्ये योकोहामाच्या निशी वॉर्डाने त्याला चक्क मानाचं जूमिनह्यो दिलं. मग तिथल्या परदेशी रहिवाशांनी गालावर मिशा रंगवल्या आणि नदीकाठी मोर्चा काढला. त्यांचं म्हणणं एवढंच, की आम्ही कर भरतो, आम्हालाही द्या की हा कागद.

ही दुसरी वही आली कुठून? युद्धाआधी परदेशी माणसाची नोंद हे पोलिसांचं काम होतं. २ मे १९४७ रोजी परदेशी नोंदणीचा हुकूम निघाला. तारीख लक्षात ठेवा, कारण जपानची नवी राज्यघटना दुसऱ्याच दिवशी, ३ मेला लागू झाली. हा हुकूम मुख्यतः ज्यांच्यासाठी होता ते लोक बाहेरून आलेले पाहुणे नव्हतेच. कोरिया युद्ध संपेपर्यंत जपानची वसाहत होती. युद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये सुमारे २० लाख कोरियन होते, त्यातले सुमारे ६ लाख इथेच राहिले. कायद्याने ते अजून जपानी नागरिक होते, तरी या हुकमाने त्यांना "तूर्तास परदेशी" मानलं. मग २८ एप्रिल १९५२ रोजी शांतता करार लागू झाला आणि त्यांचं नागरिकत्वच गेलं. त्याच दिवशी परदेशी नोंदणीचा कायदा आला आणि त्यात बोटांच्या ठशांची अट होती. विरोध इतका झाला की ठसे घेणं प्रत्यक्षात सुरू व्हायला १९५५ उजाडलं.

आपल्याकडे अंगठा म्हणजे सही न येणाऱ्याचा. इथे घ्यायचे डाव्या हाताच्या तर्जनीचा ठसा, तोही काळ्या शाईत बोट गोल फिरवून, जसा गुन्हेगारांचा घेतात तसा. आधी १४ वर्षांपासून, १९८२ नंतर १६ वर्षांपासून. जरा डोळ्यांसमोर आणा. मुलगी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत गेली, तिला जपानीशिवाय दुसरी भाषा येत नाही. वाढदिवस होतो आणि तिला वॉर्ड ऑफिसात जाऊन बोट शाईत बुडवावं लागतं. पुढे कार्ड सतत जवळ बाळगायचं आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा ठसा द्यायचा. नाही म्हटलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २ लाख येनपर्यंत दंड.

सप्टेंबर १९८० मध्ये शिंजुकू वॉर्ड ऑफिसात हान जोंग-सोक यांनी ठसा द्यायला नकार दिला. एकट्यानेच. त्यांच्यामागून हळूहळू इतर आले, आणि १९८५ साली, जेव्हा खूप मोठ्या संख्येने कार्डांचं नूतनीकरण होतं, तेव्हा नकार देणारे आणि टाळाटाळ करणारे हजारोंनी झाले.

खिडकीच्या आतल्या बाजूची माणसंही मला यात महत्त्वाची वाटतात. ठसे घेणारे पालिकेचे कारकून, पण काम केंद्र सरकारचं, पालिकेवर सोपवलेलं. नकार देणाऱ्याची तक्रार पोलिसांत करणं हेही त्यांच्याच गळ्यात. फेब्रुवारी १९८५ मध्ये कावासाकीचे महापौर इतो साबुरो यांनी जाहीर केलं की आमचं शहर अशी तक्रार करणार नाही. कावासाकीत कोरियन वस्ती मोठी, शेजारधर्म असतोच ना. सरकारने मग त्याच वर्षी काळ्या शाईऐवजी रंगहीन द्रव आणला आणि बोट फिरवण्याऐवजी नुसतं टेकवायला सांगितलं. जणू तक्रार शाईच्या रंगाबद्दल होती!

किंमत मात्र लोकांनी मोजली. चोई सुन-ए ही पियानो वाजवणारी तरुणी. तिने १९८१ मध्ये ठसा नाकारला. १९८६ मध्ये शिकायला अमेरिकेला जायचं होतं, तर सरकारने परत येण्याची परवानगी दिली नाही. ती तरी गेली, आणि जन्मल्या देशात कायम राहण्याचा तिचा हक्क गेला. १९९८ मध्ये ती सर्वोच्च न्यायालयात हरली. हक्क परत मिळाला २००० साली, कायदा बदलल्यावर. आपली मुलं बाहेर शिकायला जातात तेव्हा आपण फी आणि वसतिगृहाची काळजी करतो. तिच्या आईवडिलांना ती परत घरी येऊ शकेल का, हीच काळजी होती.

तिचे वडील चोई चांग-ह्वा हे पाद्री. त्यांचा एक वेगळाच दावा आहे, आणि तो आपल्यासारख्या तीन-तीन शब्दांच्या नावांच्या लोकांनी वाचावाच. १९७५ मध्ये एनएचकेने बातमीत त्यांचं नाव जपानी पद्धतीने 'साइ शोका' असं वाचलं. त्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला, १ येनचा. (माझ्या अख्ख्या नोकरीत मी इतकी लहान रक्कम इतक्या गांभीर्याने मागितलेली पाहिलेली नाही.) १९८८ मध्ये दावा फेटाळला गेला, पण आपलं नाव नीट उच्चारलं जाणं यात माणसाचं कायद्याने जपण्याजोगं हित आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. आणि तोवर एनएचके कोरियन नावं कोरियन उच्चाराने वाचू लागलं होतं. तेव्हा फॉर्मवर मुलांच्या नावाची काताकाना लिहिताना घाई करू नका. 'ळ' नाही, 'ण' नाही हे खरंच, पण जवळचा उच्चार तुम्ही ठरवा, कारकुनावर सोडू नका.

पुढचं थोडक्यात. १९९३ पासून कायम रहिवाशांचे ठसे थांबले, एप्रिल २००० पासून सगळ्यांचेच. नोव्हेंबर २००७ पासून विमानतळावर पुन्हा सुरू झाले ते मात्र आजही आहेत. दोन्ही तर्जन्या मशीनवर टेकवतो ना, तेच. जुन्या कोरियन कुटुंबांना, ज्यांना विशेष कायम रहिवासी म्हणतात, त्यातून सूट आहे.

आता आपलं बघा. भारतीय इथे जुने आहेत. योकोहामाच्या यामाशिता बागेत १९३९ चं भारतीय कारंजं आहे, १९२३ च्या भूकंपात मिळालेल्या मदतीची आठवण म्हणून तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांनी दिलेलं. पण निशी-कासाईत आपली आयटीची मंडळी यायला लागली ती २००० च्या आसपास. म्हणजे शाईची डबी खिडकीवरून उचलली गेली जवळपास तेव्हाच. २०१९ मध्ये त्याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर आपले मराठी योगेंद्र पुराणिक निवडून आले, अर्थात जपानी नागरिकत्व घेतल्यावर. परदेशी नागरिकाला मत नाही, वहीत नाव असलं तरी.

२०१२ च्या बदलात काही जण बाहेरही पडले. जुन्या वहीत व्हिसा नसलेल्या माणसाचीही नोंद व्हायची, 'परवानगी नाही' असा शेरा मारून. नव्या वहीत त्यांना जागा नाही, त्यांच्या मुलांनाही नाही.

मुलांचा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. जपानी पालकांवर मुलाला शाळेत घालायची सक्ती आहे, परदेशी पालकांवर नाही. आपण मागितलं तर सरकारी शाळा मोफत मिळते, पुस्तकंही मिळतात, पण मागावं लागतं. २०१९ मध्ये शिक्षण मंत्रालयाने देशभर पहिल्यांदाच पाहणी केली. शाळेच्या वयाची परदेशी मुलं सुमारे १ लाख २४ हजार, त्यातली जवळजवळ २० हजार शाळेत नसावीत किंवा कुठे आहेत ते कळत नव्हतं. शाळेची माहिती तुमच्या घरी येते ती जूमिनह्योवरच्या पत्त्यावर. घर बदललं आणि कळवलं नाही, तर पत्र जुन्या दारात पडून राहतं. शरद ऋतूत आलं नाही, तर स्वतः जाऊन शिक्षण विभागात विचारा.

इथे बाळ झालं तर: जन्मनोंद १४ दिवसांत, बाळाच्या व्हिसाचा अर्ज ३० दिवसांत. परदेशी बाळाची जपानी कुटुंबनोंद, म्हणजे कोसेकी, नसते. नोंद स्वीकारल्याचा दाखला हाच जन्मदाखला. मूळ कागद पालिका साधारण १० वर्षंच ठेवते. चार-पाच प्रती आत्ताच काढून ठेवा, दोन पुण्याला आजीच्या कपाटात.